आठवीचा वर्ग आणि नागपूरचा करार

तुम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढेच्या शाळेत आठवीला इतिहास शिकवता. फळ्यावर १ मे १९६० ही तारीख लिहून तुम्ही मागे वळता न वळता तोच तिसऱ्या बाकावरची मुलगी विचारते, "मॅडम, त्याच्या आधी आपलं गाव कोन्या राज्यात होतं?" एकजण म्हणतो मुंबईत. दुसरा म्हणतो, नागपुरात. तिसऱ्याला त्याच्या आजोबांनी सांगितलंय की आपण निजामाचे. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे, आणि ते दाखवायचं तर खडू खाली ठेवून वर्ग बाहेर काढावा लागेल.

बाहेर पडा. साल १९४६, दिवाळी नुकतीच झालेली. गाव तेच आहे, पण कागदावर तालुका मोताळा नाही, मलकापूर. कपाशी फुटलीय, वेचणीला बायका वाकल्यात. मुलांना पश्चिमेकडे तोंड करून उभं करा. समोर खानदेश, तिथं मुंबई इलाख्याचं राज्य. नैर्ऋत्येला अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे निजामाची हद्द. वाटेवरून एक बैलगाडी येते. गाडीवान मराठी बोलतो, त्याची बहीण डोंगरापलीकडे दिलीय, आणि कमरेच्या पिशवीत त्यानं दोन प्रकारचे रुपये ठेवलेत: इकडे चालतो तो कलदार आणि तिकडे चालतो तो निजामाचा. तिकडे जाताना करोडगिरीच्या नाक्यावर माल दाखवावा लागतो. बहिणीला भाऊबीजेचं लुगडं न्यायचं तरी मध्ये एक सरकार बदलतं.

आणि तुम्ही उभे आहात ती जमीन? तिचा कारभार नागपुरातून चालतो, प्रांताचं नाव मध्यप्रांत आणि वऱ्हाड. पण मालकी कागदोपत्री अजून निजामाचीच. १८५३ मध्ये कंपनीच्या फौजेचं देणं थकलं म्हणून निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा घेतला. १९३६ मध्ये पुन्हा करार झाला, आणि निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. मुलांना हे लगेच कळतं, कारण मक्त्यानं दिलेलं शेत त्यांनी पाहिलंय. फरक एवढाच की इथं शेतासोबत त्यातली माणसंही मक्त्यानं गेली होती.

मागच्या बाकावर बसणारा, एरवी गप्प असणारा मुलगा इथं तोंड उघडतो. "मॅडम, मंग आपल्याले कोनी इचारलं होतं का?"

नव्हतं. हा प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगा. पुढच्या प्रत्येक मुक्कामी तो विचारायचा आहे.

आता मलकापूरला गाडी पकडा. नांदुरा, जलंब, शेगाव, मग अकोला. तारीख ८ ऑगस्ट १९४७, स्वातंत्र्याला एक आठवडा उरलाय. वर्षभरापूर्वी, मे १९४६ मध्ये, बेळगावच्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साऱ्या मराठी मुलखाचं एक राज्य व्हावं असा ठराव झालाय. माडखोलकर स्वतः नागपूरचे. म्हणजे ही मागणी काही फक्त पुण्या-मुंबईची नव्हती, हे मुलांना इथंच सांगून टाका. पण वऱ्हाडातल्या पुढाऱ्यांच्या मनात धास्ती आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. वऱ्हाडच्या कापसाचा महसूल मध्यप्रांताच्या तिजोरीत जातो आणि खर्च भलतीकडेच होतो, ही इथली जुनी तक्रार. एका मोठ्या घरात धाकटं होऊन राहण्याचा अनुभव त्यांनी घेतलाय. आता दुसऱ्या, आणखी मोठ्या घरात जायचं?

अकोल्यात एका बाजूला एका राज्याची मागणी घेऊन आलेले शंकरराव देव आहेत. दुसऱ्या बाजूला बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख, रामराव देशमुख. यातल्या काहींना वेगळा विदर्भच हवाय. ठरतं ते असं: मराठी भाषकांचा एक प्रांत व्हावा, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, दोघांची कायदेमंडळं वेगळी, मंत्रिमंडळं वेगळी. आणि असा प्रांत जमला नाहीच, तर महाविदर्भाचा स्वतंत्र प्रांत व्हावा, त्याला सगळ्यांचा पाठिंबा.

मुलांना विचारा, यात कोण जिंकलं? थोडा वेळ गोंधळ होऊ द्या. देवांना एक प्रांत मिळाला, पण आतून दोन भागांत. बियाणींना वेगळेपण मिळालं, पण एका छपराखाली. प्रत्येकानं काहीतरी टेबलावर ठेवलं आणि काहीतरी उचललं. दार बंद झालं तर बाहेर पडायची वाटही लिहून ठेवली. तडजोड ती हीच.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा शिकवताना आपण घाईनं मुंबईच्या फ्लोरा फाउंटनला पोचतो. तिथं पोचायलाच हवं. २१ नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबारात माणसं मेली, पुढे हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली, आणि ते मुलांना ठाऊक नसेल तर आपलं शिकवणं व्यर्थ. पण ज्यांनी एकत्र यायचं ठरवलं, त्यांनी एकमेकांना आधी काय शब्द दिले होते हे वगळून तो लढा सांगणं अर्धवट आहे असं मला मनापासून वाटतं. विशेषतः मोताळ्यासारख्या तालुक्यात, जिथं शब्द घेणारी बाजू आपली होती.

सहा वर्षांनी नागपूर. २८ सप्टेंबर १९५३. पोट्टी श्रीरामुलूंच्या उपोषणातल्या मृत्यूनंतर आंध्र राज्याची घोषणा झालीय, आणि देशभर भाषावार राज्यांचा प्रश्न पेटलाय. आता बोलणी नव्यानं होतात. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रामराव देशमुख, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे यांच्या सह्यांचा कागद तयार होतो. अकोल्याचे दोन उपप्रांत आता गेलेत. राज्य एकच, राजधानी मुंबई. त्या बदल्यात काय?

मुलांना कागदाभोवती गोल बसवा. कलमं एकेक करून वाचा. महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग मानायचे. खर्चाचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात, पण मागासलेल्या मराठवाड्याकडे खास लक्ष. सरकारी नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणाच्या जागांत लोकसंख्येप्रमाणे हिस्सा. उच्च न्यायालय मुंबईला, पण त्याचं पीठ नागपूरला. आणि नागपूरची राजधानी जाणार म्हणून एक खास कलम: सरकारनं दरवर्षी काही ठरावीक काळ आपला मुक्काम नागपूरला हलवायचा, आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथं घ्यायचं.

तिसऱ्या बाकावरची मुलगी बोट ठेवते. "ठरावीक म्हंजे किती दिवस?"

कागदावर आकडा नाही. तिला शाबासकी द्या, कारण पुढची साठ-सत्तर वर्षं विदर्भात ज्या कलमावरून दर हिवाळ्यात वाद झाला ते तिनं आठवीत पकडलंय.

मग तो मुलगा त्याचा प्रश्न विचारतो. या वेळी उत्तर थोडं वेगळं आहे. इथं निदान आपल्या मुलखातली माणसं बसली होती. पण सह्यांमध्ये वर्षाच्या बोलीवर साल घालणारा एकही गडी नाही. विचारलं, पण सगळ्यांना नाही.

हे नीट दिसावं म्हणून मुलांना फार लांब न्यावं लागतं. वॉशिंग्टन, १८२० चा मार्च. अमेरिकेत तेव्हा २२ राज्यं आहेत, ११ मध्ये गुलामगिरी चालते आणि ११ मध्ये नाही. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा, म्हणजे तागडी अगदी बरोबर. आता मिसुरी नावाचा मुलूख राज्य व्हायला उभा आहे आणि तिथं गुलाम आहेत. त्याला घेतलं तर तागडी कलणार. मग तोड निघते: मॅसॅच्युसेट्समधून मेन हा भाग वेगळा काढून तो गुलामगिरीविना राज्य करायचा, मिसुरीला गुलामगिरीसह घ्यायचं, आणि लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षवृत्तावर रेघ मारायची. रेघेच्या वर गुलामगिरी नाही, खाली आहे. हेन्री क्ले नावाच्या पुढाऱ्याला या मध्यस्थीबद्दल मोठा मान मिळाला.

मुलांना नकाशाच्या वहीत ती रेघ काढायला लावा. मग सांगा की त्या देशात तेव्हा पंधरा लाखांवर माणसं गुलाम होती. आणि आणखी एक गणित फळ्यावर मांडा. १७८७ च्या त्यांच्या संविधानात प्रतिनिधींच्या जागा ठरवताना पाच गुलामांची गणती तीन माणसं अशी करायची ठरलं होतं. मत त्यांना नव्हतंच. त्यांच्या संख्येनं वाढल्या त्या मालकांच्या राज्यांच्या जागा.

"पाच माणसायची तीन?" वर्ग खवळतो. खवळू द्या. तिथं सभागृहात बसलेल्यांपैकी प्रत्येकानं काहीतरी सोडलं आणि काहीतरी मिळवलं, अकोल्यासारखंच. पण त्यांनी सोडलं ते दुसऱ्याच्या मालकीचं होतं. आईपासून मूल तोडून विकता येण्याचा हक्क रेघेच्या खाली चालू राहिला, आणि त्या आईला कोणी विचारलं नाही. अशी तडजोड टिकत नाही. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्काच्या कायद्यानं ती रेघच पुसली. १८६१ मध्ये यादवी सुरू झाली आणि १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी गेली.

परत येताना खामगावला उतरा, साल १८६४. पटांगणात कापसाच्या गाड्या लागल्यात, भाव कधी नव्हे इतका चढलाय. अमेरिकेच्या दक्षिणेतली बंदरं युद्धात बंद पडली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून दलालांच्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या. जो कापूस गुलाम वेचत होते त्याची जागा आपल्या काळ्या मातीतला कापूस घेतोय. पुढे १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचेल आणि १८७० मध्ये खास खामगावच्या बाजारासाठी जलंबहून फाटा निघेल. युद्ध संपल्यावर भाव कोसळतील आणि बरेच कुणबी सावकाराच्या वहीत अडकतील. मुलांना इथं थोडा वेळ उभं राहू द्या. मिसुरीच्या रेघेचा धक्का घाटाखालच्या कपाशीच्या वावरात कसा पोचला, हे त्यांच्या घरचं आहे.

१८७३ मध्ये जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. त्यांना दोन्हीकडचं एकत्र दिसत होतं. फुल्यांचं चरित्र १९२७ मध्ये लिहिणारे पंढरीनाथ पाटील आपल्याच जिल्ह्यातल्या चिखलीचे, हेही वर्गाला कळू द्या.

आणि आता पुन्हा गावात या, नागपूर करार झाला त्याच वर्षी. या वेळी पेठेत थांबू नका, गावकुसाबाहेर जा. मेलेलं ढोर ओढायचं, कोणी वारलं की निरोप घेऊन दहा कोस जायचं, सरकारी कामाचा सांगावा फिरवायचा, आणि त्या बदल्यात खळ्यावर पसा मागायचा, अशी पिढ्यांची कामं महारवाड्याच्या गळ्यात आहेत. शेजारी एका सालदाराचं घर आहे. मुलीच्या लग्नाला घेतलेली उचल फिटली नाही म्हणून याही पाडव्याला त्यानं त्याच मालकाकडे साल घातलंय. वेठ बंद करणारं आपल्या संविधानाचं २३ वं कलम आणि अस्पृश्यता संपवणारं १७ वं कलम २६ जानेवारी १९५० पासून लागू आहे. पण या वाटेवर ते अजून चालत येतंय. वेठबिगारी मोडणारा वेगळा कायदा व्हायला १९७६ उजाडेल.

इथं वर्गाला घाई करू देऊ नका. कोणी म्हणेल, म्हणजे इथंही अमेरिकेसारखंच. तसं नाही. इथं माणूस बाजारात लिलावाला काढला जात नव्हता. पण सांगितलेल्या कामाला नाही म्हणायची सोय त्यालाही नव्हती, आणि तीच कामं त्याच्या मुलाच्याही गळ्यात पडणार होती. दोन्ही गोष्टी मुलांना एकाच वेळी कळतात. मोठ्यांनाच त्यातली एक निवडायची घाई असते.

आणि मग बाबासाहेब आंबेडकरांकडे न्या. १९५५ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी भाषिक राज्यांवर पुस्तिका लिहिली. मराठी मुलखाची चार राज्यं करावीत असं त्यांचं मत: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. बुलढाणा त्यांनी पूर्वेत धरला होता. भाषेचं राज्य झालं की त्या मुलखात जी एक जात संख्येनं मोठी असेल तिच्या हाती सत्ता जाते आणि लहान जाती चिरडल्या जातात, ही त्यांची चिंता होती. सीमा आखणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हा प्रश्न विचारला.

तडजोडीत बसणं म्हणजे काय, हे बाबासाहेबांना ठाऊक होतं. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात पुणे करारावर सही करताना त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले आणि प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. तिथं ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता त्यांचा माणूस खोलीत होता, पण समोर गांधीजींचं आमरण उपोषण होतं, आणि अशा दबावाखालचं हो म्हणजे काय, यावर त्यांनी पुढे सडकून लिहिलं. हा भाग आठवीला जड जाईल असं वाटलं तरी वगळू नका.

पुढची वर्षं भरभर ओलांडा. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल दिला आणि बुलढाण्यासह आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं. ते झालं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांची धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात मिळून द्विभाषिक मुंबई राज्य आलं. म्हणजे वर्गात 'मुंबईत' म्हणणारा मुलगाही बरोबर होता. मग १ मे १९६०.

त्या तारखेला पुस्तक मिटतं. तुम्ही मिटू नका. शब्द दिला होता, तो पाळला का, हे बघायचं राहिलंय.

नागपूरला पहिलं अधिवेशन १९६० मध्येच झालं. न्यायालयाचं पीठही आहे. ते दोन शब्द राहिले. पैशाच्या वाट्याचं काय? १९८३ मध्ये सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या हिशेबानं राज्यातला विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला आणि त्यातला जवळपास ३९ टक्के एकट्या विदर्भाचा. मुलांना टक्केवारी काढायला लावा, म्हणजे अनुशेष हा वर्तमानपत्रातला शब्द राहणार नाही. संविधानात ३७१(२) हे कलम १९५६ पासून आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं नेमून राज्यपालांना खास जबाबदारी देता येईल, असं ते सांगतं. मंडळं आली १९९४ मध्ये. ३८ वर्षांनी. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. हिवाळी अधिवेशन २०२० आणि २०२१ मध्ये मुंबईतच झालं.

"पण मॅडम, मंडळं नेमा असं लिहिलं होतं का, नेमता येतील असं?" हा प्रश्न तुमच्या वर्गातून येईल की नाही सांगता येत नाही. आला तर समजा, वर्षाचं शिकवणं कारणी लागलं.

दुसऱ्या दिवशी वर्गाला काम द्या. शाळेचं मैदान एकच आहे. मोठ्या मुलांना क्रिकेट हवंय, मुलींना कबड्डीचं मैदान आखून हवंय, आणि गुरुवारी तिथं धान्य वाळवायला टाकतात. तीन गट करा, तासाभरात करार लिहून आणायला सांगा.

पहिल्या अर्ध्या तासात भांडण होईल. क्रिकेटवाले म्हणतील, मुलींना ठरावीक वेळ देऊ. आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी कागद हातात घेऊन उभी राहील.

"ठरावीक नको. चार ते पाच लिही. सोमवार, बुधवार, शुक्रवार. अन् पाळलं नाही तं कोनाकडे जायचं, थ्येही लिही."

क्रिकेटचा कप्तान कुरकुरत पेन उघडतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा तो मुलगा दाराकडे जातो आणि बाहेर घसरगुंडीशी खेळणाऱ्या पहिली-दुसरीच्या पोरांना हाका मारतो.

"या रे इकडे. तुमालेही लागते ना मैदान?"